लोकांनीं निवडलेला कैवारी
(शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत झालेलें भाषण)



आजचा विषय ऐकून कित्येकांच्या कपाळाला आठी पडली असेल. न्यूयॉर्क शहरांतील एका बाईची हकीकत आपल्याला काय करावयाची आहे? कोणाची पेरणी अडली आहे, कोणा सुताराला लाकूड परवडत नाहीं, कोणा विणकराचा माग बंद आहे. तरी हा विषय मीं मुद्दाम निवडला. ज्यानें ज्यानें तलाठ्याकडे, पंचायतींत किंवा तहसील कचेरींत अर्ज दिला आणि 'पुढच्या आठवड्यांत या' हें उत्तर वर्षभर ऐकलें, त्या प्रत्येकाचा हा विषय आहे. सरकार आपलें, माणसेंहि आपणच निवडलेलीं. मग त्या सरकारच्याच कचेरीविरुद्ध गाऱ्हाणें घेऊन जायचें कोणाकडे? न्यूयॉर्ककरांनीं याला एक उत्तर काढलें. तें पुरतें आहे कीं अपुरतें, हें त्या जागेवर बसलेल्या एका बाईच्या कारकीर्दीवरून पाहूं.

न्यूयॉर्क हें अमेरिकेंतील सर्वांत मोठें शहर. २०२० च्या खानेसुमारींत तेथें ८८ लाख माणसें मोजलीं गेलीं. तीन कुटुंबांपैकीं सुमारें दोन भाड्याच्या घरांत राहतात, हें ध्यानांत ठेवा. पुढें त्याचें काम पडेल. शहराचा मुख्य कारभारी मेयर. आपल्या महानगरपालिकांत महापौर मानाचा, आणि कारभार सरकारनें पाठविलेल्या आयुक्ताच्या हातीं. तेथें तसें नाहीं. मेयरला लोक थेट निवडतात, आणि पोलीस, झाडलोट, घरांची तपासणी, शाळा, सारें त्याच्या हाताखालीं. त्याच्यावर नजर ठेवायला ५१ सभासदांची नगरसभा आहे. शिवाय सबंध शहरानें निवडलेले आणखी दोघे आहेत: एक हिशेब तपासणारा, आणि दुसरा पब्लिक अॅडव्होकेट. या दुसऱ्याला आपण आपल्या भाषेंत लोककैवारी म्हणूं.

हें पद एकाएकीं उगवलेलें नाहीं. पूर्वीं शहराच्या मोठ्या खर्चाचा, जमिनींचा आणि कंत्राटांचा निकाल एक मंडळ करी. त्यांत मेयर, हिशेबनीस आणि नगरसभेचा अध्यक्ष यांना दोन दोन मतें, आणि शहराच्या पांच विभागांच्या प्रमुखांना एक एक. आतां मौज पाहा. ब्रुकलिन विभागाची वस्ती २२ लाख, स्टॅटन आयलंडची साडेतीन लाख. पण मत दोघांनाहि एकच! म्हणजे एका बाजूच्या एका माणसाचें वजन दुसऱ्या बाजूच्या सहा माणसांएवढें. १९८९ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें हें समतेला सोडून आहे असें ठरविलें, आणि तें मंडळ मोडलें. त्याबरोबर नगरसभेच्या अध्यक्षाचीं दोन मतेंहि गेलीं. त्याच्यापाशीं मुख्य काम उरलें तें लोकांचीं गाऱ्हाणीं ऐकण्याचें. १९९३ सालीं त्या पदाचें नांव बदललें, आणि १९९४ च्या आरंभीं मार्क ग्रीन नांवाचे वकील पहिले लोककैवारी झाले.

कैवाऱ्याच्या हातीं दिलें काय? नगरसभेंत तो कायद्याचा मसुदा मांडूं शकतो, पण मत देऊं शकत नाहीं. खात्याकडून कागद मागूं शकतो, पण खात्याला हुकूम करूं शकत नाहीं. मेयरची जागा अकस्मात् रिकामी पडली, तर नवी निवडणूक होईपर्यंत तो मेयर. एवढेंच. चावडीवर बसायला घोंगडी दिली, बोलायला मोकळीक दिली, पण शिक्का दुसऱ्याच्या खिशांत!

या बिनशिक्क्याच्या जागेवरूनहि काय करतां येतें, तें ग्रीन यांनीं दाखविलें. पोलिसांविरुद्धच्या ज्या तक्रारी चौकशीमंडळानें खऱ्या ठरविल्या, त्यांचें पुढें पोलीस खातें काय करतें, याचे कागद त्यांनीं मागितले. खात्यानें नाहीं म्हटलें. ग्रीन न्यायालयांत गेले आणि जिंकले. त्या वेळचे मेयर जुलियानी यांना हें शेजार काट्यासारखें सलूं लागलें. जुलियानी सिनेटची निवडणूक लढविण्याच्या बेतांत होते. ते निवडून गेले असते तर मेयरची खुर्ची ग्रीन यांच्याकडे जाणार होती. तेव्हां १९९९ सालीं शहराची सनदच बदलण्याचा ठराव मतदारांपुढें आला. मतदारांनीं सुमारें चारांत तीन मतांनीं तो झिडकारला. लोकांना आपल्या कैवाऱ्याची किंमत कळत नाहीं असें म्हणणाऱ्यांनीं हा आंकडा लक्षांत ठेवावा.

आतां बाईंकडे वळूं. लेटिशिया जेम्स यांचा जन्म १९५८ सालीं ब्रुकलिनमध्यें एका काळ्या वर्णाच्या कुटुंबांत झाला. आठ भावंडांतल्या त्या एक. शहराच्या सरकारी विद्यापीठाच्या लीमन कॉलेजांत त्या शिकल्या, आणि वकिलीसाठीं वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठांत गेल्या. हें हॉवर्ड काय आहे तें सांगितलें पाहिजे. अमेरिकेंत १८६५ सालीं गुलामगिरी कायद्यानें बंद झाली, आणि १८६७ सालीं हें विद्यापीठ निघालें. नुकत्याच सुटलेल्या गुलामांना व त्यांच्या लेंकरांना विद्या मिळावी हा त्याचा मोठा हेतु. त्यानंतर सहाच वर्षांनीं, १८७३ सालीं, आपल्या जोतीरावांनीं 'गुलामगिरी' छापली, आणि गुलामांना मोकळें करण्यासाठीं झटलेल्या अमेरिकेंतील भल्या माणसांना ती अर्पण केली. तेव्हां त्या मोकळ्या झालेल्यांच्या नातवंडां-पणतवंडांनीं पुढें काय केलें हें विचारण्याचा आपला हक्क दीडशें वर्षांचा आहे. उपरेपणानें विचारायला नको.

वकील झाल्यावर बाईंनीं लीगल एड सोसायटींत काम केलें. वकिलाला द्यायला ज्यांच्या गांठीं पैसा नाहीं अशा आरोपींची बाजू ही संस्था मांडते. पुढें त्या राज्याच्या अॅटर्नी जनरलच्या ब्रुकलिन येथील कचेरीच्या प्रमुख झाल्या. २००१ सालीं नगरसभेच्या निवडणुकीला उभ्या राहिल्या आणि जेम्स डेव्हिस यांच्याकडून हरल्या. दोन वर्षांनीं, २३ जुलै २००३ रोजीं, याच डेव्हिस यांना नगरसभेच्या सभागृहाच्या सज्जांत त्यांच्या एका प्रतिस्पर्ध्यानें गोळ्या घालून मारलें. रिकाम्या जागेसाठीं डेमोक्रॅटिक पक्षाच्या तिकिटावर मयताचे भाऊ उभे राहिले. जेम्सबाई कामगारसंघांच्या पाठिंब्यानें चालणाऱ्या वर्किंग फॅमिलीज या लहान पक्षाकडून उभ्या राहिल्या आणि मोठ्या मतांनीं आल्या. नुसत्या त्या पक्षाच्या नांवावर निवडून आलेल्या त्या पहिल्याच. मयताच्या घरांत दुःख असतांना लोकांनीं घराणें न पाहतां माणूस पाहिला. आपल्या तालुक्यांत हें किती वेळां घडतें, तें तुम्हीच मोजा.

त्या निवडून आल्या नाहींत तोंच, डिसेंबर २००३ मध्यें, त्यांच्या भागांत २२ एकरांवर बांधकामाची मोठी योजना जाहीर झाली: खेळाचें भव्य क्रीडागार आणि उंच इमारती. बांधणारा खासगी भांडवलवाला, आणि जागा मोकळी करून देणारें सरकार, तेंहि सक्तीच्या संपादनानें. नोटिशीचा कागद हातीं आला कीं पोटांत कसा गोळा येतो, हें येथें बसलेल्यांना समजावून सांगायला नको. बाई पहिल्या दिवसापासून विरोधांत उभ्या राहिल्या. कामगारसंघांतील कित्येकांना बांधकामाचें काम हवें होतें, म्हणजे जवळचीं माणसेंहि दुरावण्याची भीति. तरी त्या हटल्या नाहींत. पण २००९ सालीं राज्याच्या वरिष्ठ न्यायालयानें संपादन कायदेशीर ठरविलें, आणि २०१२ सालीं क्रीडागार उघडलें. बाई हरल्या. पुढाऱ्यांचीं चरित्रें सांगतांना हारलेल्या लढाया गाळण्याची जी रीत पडली आहे, ती मला पसंत नाहीं.

दुसरें प्रकरण पैशाचें. शहराच्या नोकरांची हजेरी व पगार यंत्रानें मोजण्याचें एक काम कंत्राटानें दिलें होतें. ६ कोटी ३० लाख डॉलरांत व्हायचें काम वाढत वाढत ७० कोटींच्या आसपास गेलें. नोकरानें पांच मिनिटें उशीर केला तर तें यंत्र सांगणार. पण यंत्र बसविणाऱ्यानें कोटीच्या कोटी उचलले तें कोणी सांगावें? हुआन गोन्सालेस नांवाच्या वर्तमानपत्रकारानें तें सांगितलें, आणि नगरसभेच्या कंत्राटसमितीच्या अध्यक्ष या नात्यानें जेम्सबाईंनीं तो प्रश्न सभेंत लावून धरला. २०१० च्या अखेरीस फौजदारी खटले झाले, आणि २०१२ सालीं मुख्य कंत्राटदार कंपनीला ५० कोटी डॉलर भरणें कबूल करावें लागलें.

२०१३ सालीं बाई लोककैवाऱ्याच्या निवडणुकीला उभ्या राहिल्या. पक्षाच्या पहिल्या फेरींत कोणालाच पुरेशीं मतें पडलीं नाहींत म्हणून १ ऑक्टोबरला दुसरी फेरी घ्यावी लागली. या एका फेरीचा खर्च सुमारें १ कोटी ३० लाख डॉलर, आणि ज्या पदासाठीं ती घेतली त्या कचेरीचा सबंध वर्षाचा खर्च सुमारें २३ लाख! लग्नापेक्षां मांडवाचाच खर्च पांचपट. लोक हंसले, आणि हंसण्यासारखेंच होतें. (पुढें २०१९ सालीं मतदारांनीं पसंतीक्रमानें मत देण्याची पद्धत स्वीकारली, म्हणून पक्षांतल्या निवडणुकीची अशी दुसरी फेरी आतां घ्यावी लागत नाहीं.) बाई जिंकल्या, आणि १ जानेवारी २०१४ रोजीं जागेवर बसल्या. सबंध न्यूयॉर्क शहरानें निवडलेल्या पदावर बसणारी काळ्या वर्णाची ही पहिली स्त्री. शपथेच्या वेळीं बायबल धरायला त्यांनीं बेघरांच्या आसऱ्यांत वाढलेली एक लहान मुलगी उभी केली होती.

आतां कामाचें पाहूं. त्यांनीं केलेल्या कामांत मला सर्वांत मोलाचें वाटतें तें एका प्रश्नाविषयींचें. नोकरी मागायला आलेल्याला मालक विचारतो, 'आधीं किती पगार होता?' प्रश्न साधा दिसतो. पण खुरपणीला जाणाऱ्या बाईचा विचार करा. पुरुषाला एक रोज आणि तिला त्याहून कमी. हा भेद कोणी पहिल्या दिवशीं ठरविला तें कोणालाच आठवत नाहीं. ती दुसऱ्या मळ्यांत गेली. तेथला मालक विचारतो, 'तिकडे काय देत होते?' ती खरें सांगते. मालक म्हणतो, 'बरें, वर दहा रुपये देतों.' दिसायला उपकार झाला! पण पहिल्या मालकानें केलेला अन्याय दुसऱ्याच्या वहींत उतरला, तेथून तिसऱ्याच्या. जन्मभर ती बाई मागच्याच मजुरीचें ओझें पाठीवर घेऊन नव्या दारांत उभी राहते. शहरांतील शिकलेल्या स्त्रीचेंहि हेंच, आणि काळ्या स्त्रीचें त्याहून जास्त. कामाची किंमत कामावरून ठरत नाहीं, मागच्या कपातीवरून ठरते.

जेम्सबाईंच्या कचेरीनें स्त्रियांच्या पगाराची पाहणी केली, अहवाल छापला, आणि नगरसभेंत मसुदा आणला कीं हा प्रश्न विचारण्यासच मालकाला बंदी असावी. स्वतःला मत नाहीं, म्हणून एकेक सभासद वळवावा लागला. २०१७ सालीं कायदा झाला आणि त्याच वर्षीं ३१ ऑक्टोबरपासून अंमलांत आला. तेव्हांपासून न्यूयॉर्क शहरांत नोकरी देतांना मागचा पगार विचारणें बेकायदा आहे. एका कायद्यानें सगळी तफावत मिटली असें मी म्हणत नाहीं. पण जुलमाची एक वाट तरी बुजविली.

शाळेंतील जेवणाचेंहि असेंच. गरिबांच्या मुलांना दुपारचें जेवण फुकट आणि बाकीच्यांना विकत, अशी तेथें रीत होती. त्यामुळें फुकटाच्या रांगेंत उभा राहील तो गरीब, हें साऱ्या वर्गाला कळे. पोरें लाजेनें उपाशी राहत. कित्येक संस्था अनेक वर्षें ओरडत होत्या. बाईंनीं तो ओरडा नगरभवनांत नेला आणि चार वर्षें मेयरचा पिच्छा सोडला नाहीं. सप्टेंबर २०१७ पासून शहराच्या सरकारी शाळांतील ११ लाख मुलांना सरसकट फुकट जेवण सुरू झालें. याचें श्रेय एकट्या बाईंना देणें खोटें होईल. त्यांचा वांटा होता, एवढें खरें.

आतां भाडेकरूंची गोष्ट. न्यूयॉर्कची थंडी हाडें फोडणारी. तेथें कायदा आहे कीं १ ऑक्टोबर ते ३१ मेपर्यंत, दिवसा बाहेरचें मान ५५ अंश फॅरनहाइटच्या खालीं गेलें, तर घरमालकानें आंत निदान ६८ अंश ऊब ठेवलीच पाहिजे. कायदा कागदावर चांगला. पण मालक शेगडी दुरुस्त करीत नाहीं, छत गळतें, भिंतींवरच्या शिशाच्या रंगानें लेंकरें आजारी पडतात. तपासनीस येतो, दोष वहींत टिपतो, आणि वही कपाटांत जाते. २०१० सालीं तेव्हांचे कैवारी डी ब्लाझिओ यांनीं एक सोपी युक्ति काढली. त्याच सरकारी वह्यांतील दोष मोजून शहरांतील सर्वांत वाईट घरमालकांची नांवनिशीवार यादी प्रसिद्ध केली. जेम्सबाईंनीं ती दर वर्षीं चालू ठेवली. यादी निघाली कीं वर्तमानपत्रें ती छापीत, भाडेकरू ती भिंतीवर चिकटवीत. यांत दंड नाहीं, तुरुंग नाहीं. फक्त चारचौघांत नांव. कित्येक मालक यादींतून नांव निघावें म्हणून दुरुस्त्या करीत, आणि कित्येक निगरगट्टांना लाजहि वाटत नसे.

न्यायालयांत मात्र बाईंना पुष्कळ ठेंचा लागल्या. १७ जुलै २०१४ रोजीं स्टॅटन आयलंडवर एरिक गार्नर नांवाचा काळा माणूस पोलिसानें गळा आवळल्यावर मेला. डिसेंबरांत तेथील पंचांनीं त्या पोलिसावर खटला भरूं नये असें ठरविलें. तेंहि बंद दाराआड, कोणता पुरावा पाहिला याचा पत्ता न लागतां. कागद उघडे करा म्हणून जेम्सबाई व इतर संस्था न्यायालयांत गेल्या. मार्च २०१५ मध्यें न्यायाधीशानें नकार दिला, आणि वरच्या न्यायालयानें तो कायम केला. दुसऱ्या कांहीं खटल्यांत तर, असा दावा लावण्याचा हक्कच लोककैवाऱ्याला सनदेनें दिलेला नाहीं, असें सांगून न्यायालयांनीं दार लावून घेतलें. एका ठिकाणीं यश आलें: पालक व शिक्षकांच्या शाळासमित्यांच्या सभा लोकांना खुल्या असल्या पाहिजेत, असा निकाल मिळाला. लहान गोष्ट वाटते. पण ज्या गांवांत ग्रामसभा कागदावर होते, त्या गांवाला ती लहान वाटूं नये.

२०१८ च्या निवडणुकींत बाई राज्याच्या अॅटर्नी जनरल झाल्या. त्या जागेवर त्यांच्या मागें कायद्याचा मोठा दंडा आला. डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर त्यांनीं २०२२ सालीं लावलेला मालमत्तेच्या खोट्या किमतींचा दिवाणी दावा जगभर गाजला. २०२४ सालीं मोठा दंड झाला. २०२५ सालीं वरच्या न्यायालयानें दंड रद्द केला, ठपका ठेवला. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत बाईंवरच गहाणकर्जाच्या प्रकरणीं आरोप ठेवला गेला. त्यांनीं तो नाकारला, आणि नोव्हेंबरांत न्यायाधीशानें, आरोप ठेवणाऱ्या सरकारी वकिलाची नेमणूकच बेकायदा होती म्हणून, तो काढून टाकला. हें सारें कैवारीपणानंतरचें आहे. म्हणून येथें थोडक्यांत.

आतां आक्षेपांचें. पहिला आक्षेप, कीं हें पद म्हणजे शिडी आहे. ग्रीन २००१ सालीं मेयरच्या निवडणुकीला उभे राहिले आणि हरले. डी ब्लाझिओ २०१३ सालीं मेयर म्हणून निवडून आले. बाई अॅटर्नी जनरल झाल्या. आक्षेप खरा आहे. पण मला विचाराल तर शिडी चढणाऱ्याचा मला राग नाहीं. वर जाण्यासाठीं ज्याला लोकांचीं गाऱ्हाणीं सोडवून दाखवावीं लागतात, तो निदान गाऱ्हाणीं ऐकतो. दुसरा आक्षेप, कीं २००३ पासून तेथें ३११ हा दूरध्वनीचा आंकडा आहे. फिरवला कीं तक्रार नोंदली जाते, मग माणूस कशाला? याचें उत्तर तुम्हांला ठाऊक आहे. आपल्याकडेहि फुकटचे नंबर पुष्कळ आहेत. तक्रारीला क्रमांक मिळतो, आणि तोच क्रमांक आपण वर्षभर सांभाळून ठेवतों. आंकडा तक्रार घेतो. ती कां सुटली नाहीं हें विचारायला माणूसच लागतो.

खरा दोष वेगळाच होता. बाईंच्या काळांत कैवाऱ्याच्या कचेरीचा पैसा मेयर आणि नगरसभा आपल्या मर्जीनें मंजूर करीत. ज्यांच्यावर पाळत ठेवायची त्यांच्याच हातून शिधा घ्यायचा! राखणदाराची भाकरी चोरानें थापायची म्हटल्यावर ती कधीं करपेल याचा नेम काय?

आपल्याकडे पाहूं. महाराष्ट्रानें १९७१ सालीं लोकायुक्ताचा कायदा केला; हिंदुस्थानांत लोकायुक्त प्रत्यक्ष नेमणारें हें पहिलें राज्य. त्या कायद्यांत गाऱ्हाणें वेगळें आणि आरोप वेगळा अशी नीट वांटणी केली, आणि नेमणूक राज्यपालांकडे दिली, उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश व विरोधी पक्षाचे पुढारी यांचा विचार घेऊन. यांत एक मोठा गुण आहे: लोकायुक्ताला कोणाच्या मतांची भीक मागावी लागत नाहीं. आणि एक मोठा दोष: त्याला आपल्या दारांत कधीं यावें लागत नाहीं. येथें जमलेल्यांपैकीं किती जणांनीं लोकायुक्ताकडे अर्ज केला आहे? हात वर करा म्हटलें तर किती वर होतील? न्यूयॉर्कच्या बाईंना चार वर्षांनीं त्याच भाडेकरूकडे मत मागायला जायचें होतें, म्हणून त्याच्या शेगडीची चौकशी करणें भाग होतें. माझा कौल निवडून आलेल्या कैवाऱ्याच्या बाजूला आहे. मात्र त्याचा खर्च कारभाऱ्याच्या मर्जीवर नसावा, आणि कागद मागितला तर मिळालाच पाहिजे असा हक्क त्याला असावा. कोणाचें मत वेगळें असेल तर त्यानें तें येथें मांडावें.

बाई गेल्यावर रिकाम्या जागेसाठीं २६ फेब्रुवारी २०१९ रोजीं निवडणूक झाली. त्याच सुमारास, हें पदच रद्द करावें, असा मसुदा नगरसभेच्या कांहीं सभासदांनीं पुढें केला होता. पण कचेरी बिनदांड्याची म्हणणाऱ्या शहरांत तिच्यासाठीं मतपत्रिकेवर १७ उमेदवार होते! त्यांतून जुमानी विल्यम्स आले. वेस्ट इंडीजमधील ग्रेनाडा बेटावरून आलेल्या कुटुंबांतला हा गृहस्थ पूर्वीं भाडेकरूंच्या संघटनेचें काम करीत असे. २०२१ सालीं आणि पुन्हां २०२५ सालीं लोकांनीं त्यांनाच निवडलें, आणि घरमालकांची ती यादी त्यांच्याहि काळांत निघत राहिली.

मला सांगायचें होतें तें सांगून झालें. आतां मंडळींनीं प्रश्न विचारावेत. आणि मागें बसलेल्या भगिनींनीं आधीं विचारावेत.